शून्य ग्रॅम

खाली जिन्यापाशी ते यंत्र उभं असतं.
कार्ड दाखवलं की तोंड उघडतं,
उष्टंखरकटं गिळतं, आणि बाईच्या आवाजात
वजन सांगतं, गल्लीभर ऐकू जाईल असं.
महिन्याअखेरीस बिल येतं त्याचं.
आपण काय काय टाकलं
ते या सोल शहरात कुणाला लपवता येत नाही.

मालसुनबाईंच्या नावावर मात्र चार महिने
शून्य ग्रॅम.

मालसुन म्हणजे शेवटची.
पाचवीही मुलगीच झाली, तेव्हा बापानं
वर कुणालातरी दिलेली ती ताकीद: बास आता.
"तरी मागून सहावी आलीच," ती सांगते,
आणि मिरचीची खालची पिवळी पानं खुडत राहते.

गच्चीवर तिची खोक्यांतली शेती.
मासळीबाजारातून मागून आणलेले थर्माकोलचे खोके,
तापल्या सळईनं बुडाला भोकं पाडलेली.
ऊन चढलं की अजून बांगड्याचा वास मारतात.
त्यात लेट्यूस, पेरिला, मुळ्याची एक ओळ,
आणि काकडीचा वेल, ज्याला तिनं बांधलेली काठी
कधीच पसंत पडली नाही.
तो शेजाऱ्यांच्या डिश अँटेनावरच चढतो.

मधोमध विटकरी रंगाचा रबरी टब.
घर भरलेलं होतं तेव्हा
त्यात एका वेळी साठ कोबी मुरायचे.
आता त्यात कोबीची देठं, तांदळाचा कोंडा,
कोपऱ्यावरच्या कॅफेतला कॉफीचा चोथा,
गिंकोची पानं, जी कुजायला फार आढेवेढे घेतात.

"मीठ धू," तिनं मला पहिल्याच दिवशी बजावलं.
"किमची अशीच टाकायची नाही. तीन पाण्यांतून काढायची.
माणसाला सोसतं ते मातीला सोसत नाही."
खरकट्याला आंघोळ घालणारी बाई
मी तोवर पाहिली नव्हती.

जानेवारीत पालिकेचा माणूस आला, प्यो नावाचा.
कानटोपी, काखेत फाईल.
चार महिने शून्य, बाई. मग टाकता कुठे?
ओढ्यात? दुसऱ्यांच्या पिशवीत?
दंड किती, तेही वाचून दाखवलं.
तिनं टबाभोवतीची जुनी रजई सोडली,
झाकणावरचा दगड उतरवला.

वाफ आली.
उणे नऊ. टाकीतलं पाणी गोठून नळ फुटलेला,
आणि इथे भाताचं पातेलं उघडावं तशी वाफ.
"घाल हात," ती म्हणाली.
त्यानं हातमोजा काढला.
मी जिन्यात उभा, माझे आठशे ग्रॅम घेऊन.
मनगट गेलं, कोपर गेलं,
आणि माणूस तसाच वाकून राहिला, बराच वेळ.

मग हळूच: अंड्याची टरफलं चालतात?
चालतात. चुरून.
संत्र्याची सालं?
बेतानं.
कोंबडीची हाडं?
तिनं नुसतं पाहिलं त्याच्याकडे.
फाईलमध्ये त्यानं काय लिहिलं, देव जाणे.

मार्चमध्ये भिंतींवर लाल रंगात अक्षरं उमटली.
सगळी गल्ली पाडायची.
मुलगी इंचॉनला, सतराव्या मजल्यावर.
"माती आणू नकोस हं आई, किडे होतात."

एका रविवारी तिनं टब आडवा केला.
चाळण, ताणकाटा, तांदळाच्या रिकाम्या पिशव्या.
न्हाव्याला सहा किलो. कॅफेतल्या पोरीला पाच.
प्यो सुट्टीच्या कपड्यांत आला, त्याला सात.
वजन ती स्वतःच मोठ्यानं सांगत होती,
त्या यंत्रासारखं, गल्लीला ऐकू जाईल असं.
मला चार किलो आणि एक खोका.

आज त्यात काहीतरी आलंय.
मी पेरलेलं नाही. दोन जाड पानं,
टोकाला अजून बीची टोपी.
मी फोन लावला. खरबूज की भोपळा?
"पानाला लव आहे?"
आहे थोडी.
"चुरगळून वास घे. नाही, नको, राहू दे.
वाढलं की सांगेल तेच."

पलीकडे लिफ्टची घंटा वाजली, कुणीतरी उतरलं.
"आणि काय रे,
मीठ धुतोस ना?"